दोन्ही हात दिसणारा फोन

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा हसुराम म्हात्रे मुके आहेत असं मी पहिले दोन दिवस धरून चाललो होतो. दर पाळीला बॉयलरच्या पाण्याचा नमुना आणून तपासायचा, हे माझं काम. बॉयलर हाउसमध्ये पंखे आणि पंप यांचा असा आवाज, की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला फक्त आपले ओठ हललेले दिसावेत. मी ओरडून विचारलं, नमुना कुठून घेऊ? समोर एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. त्याने एका बोटाने नळ दाखवला, दोन बोटं वळवत वाफेसारखी वर नेली आणि तळहात झटकन मागे ओढून तोंड वाकडं केलं. नळ गरम आहे, भाजेल. मला सगळं समजलं. दुसऱ्या दिवशीही असंच झालं.

तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चहाच्या रांगेत उभा असताना मी पुढच्या माणसाला म्हणालो, “बॉयलरवरचा तो बिचारा मुका माणूस, पण कामाला किती चोख.” मागून शांत आवाज आला, “कामाला चोख हायच. पन चहात आज साखर कमी हाय, ती कोन बोलनार?” मी वळून पाहिलं. हसुराम म्हात्रे हातात ग्लास धरून उभे होते. त्या दिवसापासून ते मला ‘केमिस्टसाहेब’ आणि मी त्यांना ‘हसुरामदादा’ म्हणायला लागलो. ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर माझे कान जसे गरम झाले तसे नंतर फार कमी माणसांसमोर झाले. दुसऱ्यांदा झाले तेही त्यांच्याचमुळे. ती गोष्ट फोनची.

बॉयलर हाउसमधल्या सगळ्यांना हातांनी बोलायला दादांनीच शिकवलं होतं. पंप सुरू करायचा तर मूठ उघडायची, दाब कमी करायचा तर पालथा तळहात खाली दाबायचा. पाण्यातले क्षार वाढले, हे मी चिठ्ठीवर आकडे लिहून कळवायचो. दादांनी मला त्याची खूण शिकवली. जिभेला बोट लावायचं आणि ते वर न्यायचं. खारट वाढलं. ती खूण दारातून केली तरी आतला माणूस कामाला लागायचा आणि चिठ्ठी नंतर सावकाश पोचायची. एक नवे सुपरवायझर आले, त्यांना हा पोरखेळ वाटला. ते आठवडाभर ओरडत राहिले आणि घसा बसल्यावर मुकाट्याने शिकायला लागले. दादा शिकवताना कधी घाई करायचे नाहीत. एकच खूण दोनदा करायची, दुसऱ्यांदा जरा सावकाश, आणि समोरच्याचं चुकलं तरी हसायचं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “समोरच्याला नाय कलला तर आपला हात चुकला.”

हे सगळं त्यांच्याकडे आलं कुठून, ते त्यांच्या घरी गेल्यावर मला कळलं. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. घर कंपनीपासून दोन-अडीच किलोमीटरवर, गावात. “जिथं बॉयलर हाय ना, तिथं आमचा भाताचा शेत व्हता,” असं त्यांनी वाटेत सांगितलं, तेही आज वारा जास्त आहे म्हणावं इतक्या साधेपणाने. घरात ते आणि त्यांची मुलगी जयश्री, दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जयश्री जन्मापासून ऐकू न येणारी. चार वर्षं कर्णबधिरांच्या शाळेत गेली, अक्षरं ओळखायला लागली, पण लिहिलेलं वाक्य तिला परकंच राहिलं. तिचं बोलणं हातांचं. आणि काय बोलायची! जेवताना ती आणि दादा भांडत होते. मीठ कोणी जास्त घातलं, यावरून असावं. चार हात ताटांवरून असे काही उडत होते की मी माझं ताट जरा मागे ओढून घेतलं. तिच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून घरात तिचं नाव म्हणजे हनुवटीला टेकवलेलं एक बोट. तिने मलाही लगेच नाव दिलं. बाटली हलवून पाहणारी दोन बोटं.

पुढे तिचं लग्न झालं. दादांच्या समाजात कोणी पुढे आलं नाही आणि वधूवर मेळाव्यातून आलेलं स्थळ निघालं ते थेट इचलकरंजीचं. मुलगा एका पायाने थोडा लंगडणारा, यंत्रमागावर कामाला, ऐकू-बोलू येणारा, स्वभावाने गरीब. घरी फक्त आई. गावात लोकांनी नाकं मुरडली. दादांनी लक्ष दिलं नाही. लग्नाला मी गेलो होतो. मुलगी सासरी निघाली तेव्हा बाप आणि लेक बसच्या काचेच्या अलीकडून-पलीकडून बोलत राहिले, बस वळेपर्यंत. बाकीच्यांचे निरोप इंजिनच्या आवाजात बुडाले, या दोघांचं बोलणं मात्र पूर्ण झालं.

मग सुरू झाला मिस्ड कॉलचा कारभार. दादांकडे एक बटणांचा फोन होता, आकडे झिजून गेलेला आणि मागून रबर लावलेला. तसाच त्यांनी जयूला घेऊन दिला. ती तो कमरेला खोचून ठेवायची आणि फोन थरथरला की मोजायची. एकदा थरथरला तर, मी बरा आहे, तू? तिने उलटा एकदा दिला तर, मीही बरी आहे. दोनदा म्हणजे फोनमधले पैसे संपले, भरा. तीनदा म्हणजे या. दादा रोज पाळी सुटली की कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून एक मिस्ड कॉल द्यायचे आणि उलटा येईपर्यंत तिथेच थांबायचे. खिशात फोन थरथरला की गाडीला किक मारायचे. असं चार-साडेचार वर्षं चाललं.

त्याच काळात आमच्याकडे एकेकाच्या हातात टचस्क्रीनचे फोन दिसायला लागले. मी तर पहिल्यापासून त्यातला दर्दी. नवा फोन घेतला की कँटीनमध्ये त्याचा प्रोसेसर, रॅम, मेगापिक्सेल न विचारता सांगणारा एक माणूस प्रत्येक कंपनीत असतो, आमच्या कंपनीत तो मी होतो. दादा माझा फोन हातात घ्यायचे, उलटासुलटा करून परत द्यायचे. “बटन दाबला का बोटाला कलतं. काचेला काय कलतं?” त्यांची बोटं व्हॉल्व्ह फिरवून इतकी राठ झाली होती की खरोखरच काचेला काही कळायचं नाही. मी त्यांना चिडवायचो, दादा, जग कुठे गेलं. ते म्हणायचे, जाऊ दे, जेवायला येईल परत.

एकदा पहिल्या पाळीला, सकाळी अकराच्या सुमाराला, मी नमुना घ्यायला गेलो तर दादा खिशावर हात ठेवून उभे होते. चेहरा उतरलेला. त्यांनी मला तीन बोटं दाखवली. तीन मिस्ड कॉल. त्यांनी जोडीदाराच्या हाती बॉयलर सोपवला, मला मॅनेजरला सांग म्हणून खुणावलं आणि बॉयलरसूट अंगावर असतानाच कळंबोलीला जाऊन मिळेल ती बस पकडली. रस्त्यात त्यांनी जावयाला पाच-सहा फोन केले, पण मागाच्या खडखडाटात त्याला एकही ऐकू गेला नाही. मी इथे दिवसभर वाईटसाईट विचार करत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. मी गेटवरच गाठलं आणि काय झालं म्हणून विचारलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले, हात स्वच्छ असूनही.

“काय नाय झाला,” ते म्हणाले. “मी तेच इचारला, काय झाला. ती बोलली, काय नाय. कोनाशी तरी बोलायचा व्हता.”

घरात तिला मारझोड नव्हती, उपाशी ठेवणं नव्हतं. पण बोलत कोणी नव्हतं. नवरा दोन-दोन पाळ्या करून यायचा आणि झोपायचा. सासू मागाच्या सुताच्या कांड्या भरण्याच्या कामाला जाऊन आयुष्यभर राबलेली, कडक बाई. तिचे इशारे कामापुरते. झाड, भांडी घास, बाजूला हो, जेव. दादा गेल्या वेळी गेले होते त्याला आठ महिने झाले होते. आठ महिने त्या मुलीशी एकही गोष्ट कोणी बोललं नव्हतं. दादांना धसका बसला तो पुढच्याच गोष्टीचा. ती बोलताना अडखळत होती. जी पोर ताटावरून हात उडवायची, ती ‘समुद्र’ दाखवताना हात वर नेऊन थांबली आणि आठवेना म्हणून नुसतीच बापाकडे बघत राहिली. “माजी पोर बोलायला इसरायला लागलीय,” ते म्हणाले. मग लगेच म्हणाले, “तुमच्या त्या काचेच्या फोनात मानूस दिसतो ना? मना तो पायजे. दोन पायजेत.”

मला अगदी भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. शेवटी दादा माझ्या प्रांतात आले होते. पुढचे पंधरा दिवस मी त्या कामात बुडून गेलो. जाहिरातींची पत्रकं जमवली, चार फोनांचा तक्ता केला, बॅटरी किती चालते, स्पीकर किती मोठा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. दादा काही विचारत नव्हते, सगळं माझ्यावर सोपवलेलं. पनवेलच्या लाइन आळीतल्या एका दुकानातून मी दोन एकसारखे फोन घेतले. त्या भावात आठ मेगापिक्सेल म्हणजे सोनंच, असं मी दादांना दोनदा ऐकवलं. व्हिडिओ कॉलचं ॲप घातलं, दोघांचे नंबर घातले. दादा रजा काढून इचलकरंजीला गेले, फोन उचलायचा कसा आणि चार्ज करायचा कसा हे जयूला शिकवून आले. समोरासमोर बसल्यावर फोनवर कोण बोलणार? दोन दिवस ते दोघं नुसते बोलतच बसले होते. फोन पिशवीत.

परत आल्यावरचा पहिला कॉल त्यांच्या घरून माझ्या देखत झाला. मी मुद्दाम गेलो होतो, पेढे घेऊन. फोन लागला, चित्र आलं. चित्रात स्वयंपाकघराचा ओटा होता. मग भिंत, मग छत. जयू फोनकडे बघत होती आणि फोन भिंतीकडे बघत होता. तिने फोन उलटा केला तेव्हा तिचे हात दिसले, पण मग तिला दादा दिसेनात. इकडे दादांनी तसंच केलं. बाप-लेक आळीपाळीने फोन फिरवत राहिले आणि एकाचे हात दुसऱ्याच्या भिंतीशी बोलत राहिले. त्या फोनला पुढच्या बाजूला कॅमेराच नव्हता.

मी आठ मेगापिक्सेल पाहिले होते, ते कोणत्या बाजूला आहेत हे पाहिलं नव्हतं. मी तोंडाने बोलणारा माणूस. फोन कानाला लावला की माझं काम भागतं, त्यामुळे मला त्या दुसऱ्या कॅमेऱ्याची कधी गरजच वाटली नव्हती. पंधरा दिवसांच्या माझ्या तक्त्यात ज्या एका गोष्टीसाठी फोन घ्यायचा तीच नव्हती. दुकानदार उघडलेला डबा परत घेईना. मला तोंड कुठे लपवावं ते कळेना. दादांनी फोन हळूच टेबलावर ठेवला, पेढ्याचा पुडा सोडला, एक पेढा मला दिला आणि म्हणाले, “फोन चांगला निवडलाव, केमिस्टसाहेब. तुमच्यासाठी निवडलाव.” त्यात टोमणा नव्हता. म्हणून तर तो जास्त लागला.

तीन दिवसांनी दादांनी मला बॉयलर हाउसच्या दारातूनच अंगठा दाखवला. त्यांनी मार्ग काढला होता. बायकोचा जुना मोठा आरसा भिंतीला टेकवायचा, त्याच्यासमोर स्टुलावर फोन उभा करायचा, पाठ आरशाकडे आणि पडदा आपल्याकडे. आपण पडद्यासमोर, आरशाकडे तोंड करून उभं राहायचं. मागचा कॅमेरा आरशातला माणूस दाखवतो आणि पडद्यावर समोरचाही दिसतो. हे जयूला त्यांनी नुसता फोन फिरवून दाखवलं. मला ते कागदावर काढून समजवावं लागलं, तिला एका मिनिटात समजलं. फक्त आरशामुळे उजवा हात डावा दिसायचा. पहिल्याच दिवशी जयूने विचारलं, बाबा डावखुरे कधी झाले? तीही त्यांना डावखुरीच दिसत होती. महिनोन्‌महिन्यांनी तिचं हसू बघितल्याचं दादा चारचौघांना सांगत सुटले होते. रोज पाचला बोलता यावं म्हणून त्यांनी कायमची पहिली पाळीही मागून घेतली.

तिच्या घरी मोठा आरसा एकच होता, बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा. त्यामुळे तिला रोज संध्याकाळी पाच वाजता सासूच्या डोळ्यांदेखत, खोलीच्या मधोमध उभं राहून बापाशी बोलावं लागायचं. दादांना याची काळजी वाटायची. सासूला हे माकडचाळे वाटले तर? पहिले काही दिवस आरशात मागे एक लुगडं इकडून तिकडे जाताना दिसायचं, केरसुणी घेऊन. मग ते लुगडं थांबायला लागलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. दादांच्या गावात नेटला जीव नव्हता. हात अर्ध्यात गोठायचे, बोटं विरघळल्यासारखी दिसायची. रोडपालीच्या तळ्याकाठी नेट चांगलं मिळायचं, पण तिथे आरसा कुठून आणणार? पाच-सहा महिने काढल्यावर दादा म्हणाले, आता पुढे कॅमेरा असलेले घेऊ. आणि लगेच म्हणाले, “ह्या टायमाला मी निवडनार. तुमी नुसता उभा राव्हा.”

मी नुसता उभा राहिलो. ती दुपार मी विसरणार नाही. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्यापुढे एक फोन ठेवून चेहरा उजळ दिसण्याची सोय दाखवायला सुरुवात केली. दादा म्हणाले, “तोंड नको पोरी. दोनी हात दिसाला पायजेत.” तिला काही कळलं नाही. दादांनी फोन काउंटरवर एका खोक्याला टेकवला, चार पावलं मागे गेले आणि बोलायला लागले. आधी सावकाश, मग भरभर. मला पडद्याजवळ उभं करून विचारत होते, कोपर कापलं जातं का, बोटं सुटी दिसतात की एकात एक मिसळतात, हात जोरात गेला तर मागे धूर राहतो का. एका फोनमध्ये चेहरा सुरेख, हात चौकटीबाहेर. दुसऱ्यात हात आत, पण नुसती सावली. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. एकाने विचारलं, काका कसली ॲक्टिंग करतायत? त्या मुलीला मी हळू आवाजात कारण सांगितलं. आतून जाऊन तिने दुकानातले आणखी पाच फोन आणले, ओळीने लावले आणि एक ट्यूबलाइट बंद केली. म्हणाली, “काका, कमी उजेडात पण बघून घ्या. घरी एवढा लाइट नसतो.” हे मला सुचलं नव्हतं. दादांनाही नव्हतं.

शेवटी त्यांनी जो निवडला तो माझ्या तक्त्यात शेवटून पहिला आला असता. रंग मळखाऊ, नाव कोणी न ऐकलेलं. पण त्यात हात हातासारखे दिसत होते. तसे दोन घेतले. त्याच दिवशी पुढच्या दुकानातून दादांनी गडद निळ्या रंगाचे दोन साधे शर्ट घेतले. चौकडीच्या शर्टावर बोटं ओळखू येत नाहीत, हे त्यांना काउंटरवरच लक्षात आलं होतं. बॉयलरसूट सोडला तर तेव्हापासून त्यांना मी दुसऱ्या रंगात पाहिलं नाही.

मग दादा रोज पाचला रोडपालीच्या तळ्यावर दिसायला लागले. सायकलच्या ट्यूबची पट्टी करून फोन गाडीच्या हँडलला बांधायचा आणि समोर उभं राहून बोलायचं. फिरायला येणारी माणसं आधी लांबून जायची. एका आजोबांना तो योगासनांचा प्रकार वाटला आणि त्यांनी दोन दिवस शेजारी उभं राहून हात हलवून पाहिले. दादांनी त्यांना ‘पाणी’ आणि ‘मासा’ शिकवून सोडलं. जयूचे हात सुटत चालले होते. ‘समुद्र’ पुन्हा आला. त्याच्यामागून ती स्वतःचे नवे शब्दही करायला लागली, मागाचा धोटा, कांडी, इचलकरंजीचं बोचरं ऊन.

एकदा मी तळ्यावर त्यांच्याजवळ उभा होतो. मला दादांचं बोलणं विचित्र वाटलं. पोरीशी ते नेहमी इतकं भरभर बोलायचे की मला दहातलं एक समजायचं. त्या दिवशी मला जवळजवळ सगळं समजत होतं. आज कोळंबी आणली. भात केला. पाऊस नाही. तुझ्याकडे? प्रत्येक गोष्ट दोनदा, दुसऱ्यांदा जरा सावकाश. कॉल संपल्यावर मी विचारलं की जयूला इतकं हळू कशाला सांगायचं.

“जयूला नाय,” ते म्हणाले. “तिच्या मागं विहीन बसतेय भाजी निवडत. निवडून झाली तरी उठत नाय.”

नव्या फोनला आरसा लागत नव्हता. जयू आता कुठेही बसून बोलू शकली असती. पण पाच वाजले की सासूच कपाटासमोर दोन स्टुलं ठेवायला लागली होती, असं जयूने दादांना सांगितलं. दादा विहीणबाईंना उद्देशून एक अक्षरही कधी बोलले नाहीत. फक्त मुलीला रोज साध्या साध्या गोष्टी दोनदा सांगत राहिले. पुढे कळलं की सासूने एक दिवस मुलालाही दंडाला धरून स्टुलावर बसवलं होतं.

दादा निवृत्त झाले. गावातही नेट चांगलं आलं, तळ्यावर जाणं थांबलं. जयूला दिवस गेले. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या आसपास दिवाळी होती. मी फराळाचा डबा घेऊन सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर ते निळा शर्ट घालून फोनसमोर बसलेले. आदल्या दिवसापासून जयूचा कॉल नव्हता. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकतोय तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकला.

पडद्यावर जयू नव्हती. डोक्यावर पदर घेतलेली, जाड बोटांची एक म्हातारी बाई एकटीच होती. दादा ताठ झाले. ती बाई बोलली नाही. तिने एक बोट हनुवटीला टेकवलं. मग दोन्ही हातांचा झोका केला. नाकाजवळ नथ चिमटीत धरल्यासारखं केलं. तळहात छातीवरून खाली आणला. नव्याने अक्षर गिरवणाऱ्या मुलासारखे एकेक सुटे हात. जयू. बाळ. मुलगी. दोघी बऱ्या. मलासुद्धा कळलं. दादांनी उत्तर हातांनीच दिलं आणि मग स्वतःच्या कानाला बोट लावून हात उलटा केला. तिने मनगटाची नाडी धरली, तीन बोटं दाखवली. मग चार बोटं दाखवली, दोन्ही हात तोंडापुढे हलवले आणि इकडे तिकडे काही खुणा केल्या. शेवटची खूण थेट आमच्याकडे होती. कॉल संपला.

मी दादांना मिठी मारली. मग मला राहवेना. मी म्हणालो, “दादा, तुम्हा दोघांनाही ऐकू येतं. बोलायचं की सरळ तोंडाने. एवढी मोठी बातमी.”

“तिनं हातानं काढली गोष्ट,” दादा म्हणाले. “मी तोंडानं बोललो आसतो तर ती पन तोंडावर आली आसती. मग मी कशाला तिची तोडू?”

“आणि चार काय? चार वाजता झाली का?”

त्यांनी चष्मा काढला. पुसायला लागले, पण पुसणं काही संपेना.

“वाजता नाय. नातीच्या कानांचा डॉक्टर तीन म्हयन्यांनी सांगनार. पन ती बोलते, नाय आला ऐकू तरी काय बिघडत नाय. घरात हातानं बोलनारी चार मानसा हाईत.” मग त्यांनी बोटांवर मोजलं. “विहीन, जावई, जयू.” चौथ्या बोटाशी ते थांबले. “आनि चौथा मना धरलाय.”